सुई कुणी उचलली?

हे खरं आहे, एवढंच आधी सांगते. पटवून द्यायचा प्रयत्न करणार नाही. मला स्वतःलाच ते अजून नीट पटलेलं नाही.

या पानावरच्या गोष्टी मी बरीच वर्षं वाचते आहे. लिहिलं कधी नाही. आज लिहिते, कारण हे ज्या घरात घडलं त्या घरात माझी आई अजून राहते. एकटी.

निदान मी तरी तिला एकटीच समजते.

घर लोणावळ्याच्या बाहेर, औंढ्याच्या रस्त्याला आहे. मागे भातखाचरं, पुढे पेरूची झाडं. वेळ गेल्या वर्षीच्या श्रावणातली, रविवारची संध्याकाळ. दिवे लावायचे होते. धुकं खिडकीच्या गजांपर्यंत आलं होतं.

आणि पुढच्या खोलीत आम्ही पाच माणसं डोळे मिटून बसलो होतो.

का, ते आधी सांगायला हवं.

माझे बाबा, प्रदीप, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. त्यांना एकच नाद होता, रेकॉर्ड ऐकण्याचा. रविवारी दुपारी आमच्याकडे बैठक भरायची. राजेश्वरीताई तळेगावहून यायच्या. त्या शाळेत संगीत शिकवायच्या. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीचं दुकान असलेला तुषारभाऊ यायचा. त्याला जॅझचं वेड. आणि डॉक्टर नुसरत. त्यांचा कान, नाक, घशाचा दवाखाना आहे. "दिवसभर लोकांचे कान तपासते, रविवारी माझे वापरते," असं त्या म्हणायच्या.

आल्या आल्या बाबा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे.

"सध्या काय ऐकताय?"

ज्याने त्याने सध्या जे आवडतंय ते काखोटीला मारून आणलेलं असायचं. ते लावायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. मग चहा, भजी आणि भांडणं.

"तुषार, तुझा तो भोंगा ऐकल्यापासून आमच्या कुत्र्याने जेवण सोडलंय," बाबा म्हणायचे.

"आणि तुमच्या त्या बुवांनी मागच्या रविवारी सूर लावला तो अजून सोडला नाही म्हणे," तुषारभाऊ म्हणायचा. "मी चिक्कीचा एक घाणा काढून आलो तरी आपलं आऽऽ चालूच!"

बैठकीचे नियम दोन. रेकॉर्ड वाजत असताना बोलायचं नाही. आणि ज्याची रेकॉर्ड, सुई त्यानेच उचलायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

बाबांचा रेकॉर्ड प्लेअर जुना होता. गाणं संपलं तरी त्याची सुई आपोआप उठत नसे. ती शेवटच्या रेघेत फिरत राहायची.

खर्र... टक्.

खर्र... टक्.

रेकॉर्ड आणणारा उठून सुई उचलेपर्यंत सगळे गप्प. बाबा म्हणायचे, "गाणं संपल्यावर किती वेळ गप्प राहायचं, हे ज्याने ऐकवलं त्याला ठरवू द्यावं."

माझी आई, निर्मला, या बैठकीत बसायची नाही. ती आत चहा टाकायची. गाणं संपल्याचं तिला त्या खर्र-टक् वरूनच कळायचं. मग ती कप भरायला घ्यायची.

त्या आषाढात बाबांचा पुण्याला मला फोन आला. आवाजात लहान मुलासारखी घाई होती.

"हर्षू, याह्याकडे एक रेकॉर्ड मिळालीय. कव्हर नाही. मधला कागद खरवडलेला. नाव नाही, गाव नाही. एक बाई गातायत. श्री राग. असा श्री मी जन्मात ऐकला नाही."

याह्याभाई बाजाराच्या मागच्या गल्लीत जुन्या सामानाचं दुकान चालवतात. इथले जुने बंगले रिकामे होतात, तेव्हा पलंग, घड्याळं, आरसे त्यांच्याकडे येतात.

"कोण आहेत त्या?" मी विचारलं.

"तेच तर. रोज संध्याकाळी लावतो. पत्ता लागत नाही. रविवारी बैठकीत लावीन. बघू कोण ओळखतं."

तो रविवार आला नाही.

आई स्वयंपाकघरात होती. गाणं संपलेलं तिला कळलं. खर्र-टक्, खर्र-टक्. तिने चहा गाळला. कप भरले. बाबा सुई उचलतील म्हणून थांबली. चहावर साय धरली.

खर्र... टक्.

खर्र... टक्.

ती बाहेर आली तेव्हा बाबा खुर्चीत होते. डोळे मिटलेले. सुई फिरत होती.

आईने त्या प्लेअरला कधी हात लावला नव्हता. सुई कशी उचलतात तिला ठाऊक नव्हतं. तिने भिंतीतली पिन ओढून काढली आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली.

दिवसकार्य झालं. त्यानंतरच्या रविवारी बैठकीतली माणसं आली. न बोलावता आली. प्रत्येकाच्या हातात रिकामी पिशवी होती. त्या दिवशी कुणी काही आणलं नव्हतं.

"आज त्यांचीच लावू," राजेश्वरीताई म्हणाल्या. "ते सध्या जी ऐकत होते ती."

दिवसकार्यात मीच उचलून ठेवलेली ती रेकॉर्ड मी कपाटातून काढली. लोणावळ्यात पावसाळ्यात सगळ्याला बुरशी धरते, म्हणून लोक कपड्यांच्या कपाटात दिवा लावून ठेवतात. बाबांनी रेकॉर्डच्या कपाटात लावला होता. एक छोटा पिवळा बल्ब, चार महिने अखंड. दार लावलं तरी खालच्या फटीतून उजेडाची एक रेघ फरशीवर पडायची.

आई पहिल्यांदाच आमच्यात येऊन बसली. सुई मी ठेवली.

तो आवाज कसा होता, ते मला लिहिता येणार नाही. मोठा नव्हता. घरातल्या घरात, कुणी ऐकू नये अशा बेताने गावं, तसा. साथीला एक तंबोरा. तबला नाही. धुक्यात उभं राहून कुणीतरी आपलं नाव घ्यावं आणि पुढे काही बोलू नये...

तसं वाटत होतं.

गाणं संपलं.

खर्र... टक्.

तुषारभाऊ सवयीने उठायला लागला. राजेश्वरीताईंनी हाताने त्याला थांबवलं.

"राहू दे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "नियम नियम असतो. ज्यांची रेकॉर्ड, ते उचलतील. आपण डोळे मिटून बसू."

श्रद्धांजलीची ती एक रीत होती, दुसरं काही नाही. माणूस गेला की त्याचं पान वाढतात, त्यातलंच. कुणाला काही गैर वाटलं नाही. मला तर रडू आलं.

आम्ही डोळे मिटले.

खर्र... टक्.

खर्र... टक्.

बाहेर पागोळ्या गळत होत्या. नुसरत डॉक्टरांचा श्वास ऐकू येत होता.

खर्र... टक्.

खर्र...

किण्.

अगदी बारीक आवाज. काचेला काच लागावी तसा.

आणि मग काहीच नाही.

मी डोळे उघडले. सुईचा दांडा त्याच्या जागेवर नीट ठेवलेला होता. तबक अजून फिरत होतं. रेकॉर्डसकट, आवाज न करता.

"कुणी उचलली?" तुषारभाऊने विचारलं.

आम्ही पाचही जण आपापल्या जागी होतो. प्लेअर खोलीच्या त्या टोकाला होता.

"झटका बसला असेल लाइटचा," तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "तबक फिरतंय की अजून."

राजेश्वरीताईंनी हात जोडले. नुसरत डॉक्टर पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी चहा कुणी घेतला नाही.

फक्त आई हसत होती. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"आले," ती म्हणाली. "उचलली त्यांनी."

मी तिला पुण्याला न्यायला आले होते. सामान बांधायचं ठरलं होतं. ती म्हणाली, "आता कशाला?"

नंतर मी दर शनिवारी जायला लागले. सोमाटणे फाटा मागे पडला की मी गाडीतलं गाणं बंद करायचे. आईत दर आठवड्याला काहीतरी कमी झालेलं असायचं. गालफडं बसली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, मग तिने त्या काढूनच ठेवल्या. पण डोळे चमकत होते. मला भीती त्या डोळ्यांची वाटायची.

घरकामाला गंगीमावशी येते. डोंगरातल्या पाड्यावरून, पायी. तिने मला विहिरीपाशी गाठलं.

"ताई, एक इचारू? रागावनार न्हाई ना?"

"विचार ना मावशी."

"घरात कोन ऱ्हातं आजून?"

"कुणी नाही. का?"

"मंग वहिनी सांच्याला दोन कप चा कुनाला टाकत्यात?"

"बाबांच्या आठवणीने टाकत असेल."

"व्हय, आमी बी ठिवतो पानी, मेलेल्या मानसाला." तिने पदर तोंडाशी धरला. "पर त्यो कप सकाळला मीच इसळते. त्यो रिकामा असतोय, ताई."

मी घराकडे बघितलं.

"आता मी चार वाजताच निगते," ती म्हणाली. "पगार कापायचा तर कापा. तितं थांबायची न्हाई."

त्या शनिवारी संध्याकाळी मी आईजवळ बसले. तिने रेकॉर्ड लावली. सुई ठेवायला ती शिकली होती. हात जरासुद्धा थरथरला नाही. दोन कप तिपाईवर होते.

"डोळे मीट," ती म्हणाली.

"नाही मिटणार."

"मीट, हर्षू. उघडे असले की वेळ लागतो."

मी उघडेच ठेवले. गाणं सुरू झालं. खोलीत अंधारत गेलं. दिवा तिने लावू दिला नाही. उजेड एकच, कपाटाखालच्या फटीतला. फरशीवरची ती पिवळी रेघ.

गाणं संपलं.

खर्र... टक्.

मी त्या रेघेकडे बघत होते.

खर्र... टक्.

रेघ मधेच तुटली.

दोन ठिकाणी. कपाटासमोर कुणी उभं राहिलं, तर पावलांनी तुटेल... तशी.

मी डोळे मिटले. का मिटले, सांगता येत नाही. बघवलं नाही, एवढंच खरं.

किण्.

उघडले तेव्हा रेघ पुन्हा अखंड होती. सुई जागेवर होती.

"बघितलंस?" आई समाधानाने म्हणाली. "आता थोडा वेळ बसतात. मग रेकॉर्ड आत ठेवतात. तू जा, झोप."

सकाळी उठल्याबरोबर मी कपाट उघडलं. रेकॉर्ड आत होती. कागदी पिशवीत घातलेली, बाबांनी तिच्यासाठी बनवलेल्या खाकी पुठ्ठ्याच्या कव्हरात.

मी कव्हरात बघितलं.

लहानपणी बाबांनी मला रेकॉर्डबद्दल पहिली गोष्ट शिकवली ती ही: आतल्या पिशवीचं तोंड वर करायचं. कव्हरच्या तोंडाकडे करायचं नाही. नाहीतर धूळ जाते, रेकॉर्ड घसरून पडते. एकदा मी चुकले तर त्यांनी सगळं कपाट काढून मला पुन्हा लावायला बसवलं होतं. त्या कपाटातल्या प्रत्येक रेकॉर्डच्या पिशवीचं तोंड वर होतं.

हिचं बाहेर होतं.

"आई, ही तू ठेवलीस?"

"मी कशाला ठेवू? तेच ठेवतात म्हटलं ना."

हे काम बाबांचं नव्हतं.

मी तशीच बाजारात गेले. याह्याभाई नुकतं शटर वर करत होते. मला बघून त्यांनी स्टूल पुढे केलं.

"ये बेटी. तुझे बाबा गेल्यापासून दुकानात माणूस असा येतच नाही. नुसतं गिऱ्हाईक येतं."

मी रेकॉर्डबद्दल विचारलं. ती बाबांनी कधी घेतली, कुठून आली.

"घेतली नव्हती त्यांनी," याह्याभाई म्हणाले.

"म्हणजे?"

"मी विकली नव्हती. ऐकायला दिली होती. ती विकायचा माझा जीव होईना. प्रदीपभाईंना म्हटलं, ऐका, बघा कोण आहे, आणि परत आणून द्या."



"मग ती... कुणाची?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"भुशीच्या रस्त्याला एक बंद बंगला होता. त्यातलं सामान काढलं, त्यात होती. तिथला जुना माळी सांगायचा, घरात एक बाई होत्या. गायच्या. बाहेर गायची मुभा नव्हती. घरच्या माणसांनीसुद्धा कधी समोर बसून ऐकलं नाही म्हणे. मग त्यांनी कुणाला तरी बोलावून एक रेकॉर्ड करून घेतली. एकच. खरं काय, खोटं काय, अल्ला जाणे."

"नाव?"

"नाव कुणी सांगितलं नाही. कागद मी खरवडला नाही, बेटी. तसाच होता."

मी उठले.

ज्यांची रेकॉर्ड, ते उचलतील. आम्ही पाच जणांनी डोळे मिटून सांगितलं होतं.

ते सांगणं आपल्यासाठी आहे, असं कुणाला वाटलं होतं?

दुपारी आईला समोर बसवलं. तिचं हे वेड उतरायला हवं होतं. ते बाबा नाहीत हे कळलं की ती स्वतःच घाबरेल, माझ्याबरोबर निघेल, अशी मला खात्री होती. मी सगळं सांगितलं. पिशवीचं तोंड. याह्याभाई. तो बंगला.

ती भाजी निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"ते हे नाहीत म्हणून." तिने देठ मोडला. "तुझे बाबा सुई उचलण्याआधी घसा खाकरायचे. एवढ्या वर्षांत एकदा चुकले नाहीत. मला आत ऐकू यायचं. पहिल्या दिवशी मी खुळ्यासारखी हसले खरी. दुसऱ्या दिवशी कळलं."

"आई..."

"आणि तो आवाज येतो ना, किण् करून. तो बांगड्यांचा आहे, हर्षू. काचेच्या."

पंखा बंद होता. तरी माझ्या मानेवरून गार काहीतरी गेलं.

"मग तू रोज लावतेस कशाला?"

तिने मान वर केली. इतकं शांत मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"त्या बसतात माझ्याजवळ. चहा घेतात. कधी घाई नसते त्यांना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, सध्या काय ऐकताय?"

"त्या बोलतात?"

"या घरात हा प्रश्न किती जणांना विचारला गेला," आई म्हणाली. "मी आतून ऐकायचे. मला आजवर कुणी विचारला नव्हता."



"मग तू काय सांगितलंस?"

"मी कुठलं काय ऐकणार? माझ्या आईची एक ओवी येते मला. जात्यावरची. ती म्हणून दाखवली. त्यांना फार आवडली. रोज म्हणायला लावतात."

आणि तिने ती म्हटली. भाजीच्या टोपलीशी बसून, खालच्या आवाजात. माझ्या आईला गाता येतं, हे मला तेव्हा कळलं.

घाटात धुकं दाटं, माझी बुडाली पायवाट
माय माझी दारी उभी, हाती दिव्याचं गं ताट

शेवटच्या शब्दावर तिचा आवाज किंचित फाटला. तिने गळ्याला हात लावला.

"रोज म्हणून म्हणून बसलाय जरा," ती म्हणाली.

मी ऐकून घेतलं नाही. रेकॉर्ड उचलली, पिशवीत घातली आणि सरळ याह्याभाईंकडे नेऊन दिली. आईने अडवलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. दारात उभं राहून ती एवढंच म्हणाली, "सांभाळून ने. पडायला नको."

याह्याभाईंनी रेकॉर्ड रुमालात धरून घेतली आणि काही न विचारता आतल्या फडताळात ठेवली.

मला सोमवारी कामावर जायचं होतं. संध्याकाळच्या आत मी पुण्यात पोचले. दिवेलागणीला आईला फोन केला.

तिने लगेच उचलला.

"पोचलीस? जेवलीस का?"

आवाज खरखरीत होता. पण तिचाच. मला बरं वाटलं.

"पोचले. तू काय करतेस?"

"बसलेय."

मग मला ते ऐकू आलं.

तिच्या मागे, खोलीत, कुणीतरी गात होतं. रेकॉर्डवरचा असतो तसा आवाज. लांबून येणारा, आतून थोडा खरखरणारा. मागे तंबोरा.

"आई... रेकॉर्ड तर मी परत दिली."

"हो. ही ती नाही."

"मग कोण गातंय?"

मी फोन कानाशी दाबून धरला. शब्द स्पष्ट होते.

...माझी बुडाली पायवाट...

तो आवाज माझ्या आईचा होता. स्वच्छ, न बसलेला. भाजीच्या टोपलीशी ऐकलेला, त्याहून तरुण.

आणि त्याच वेळी आई फोनवर मला म्हणत होती, "हर्षू, ऐकतेस ना?"

दोन्ही एकदम. एकात एक मिसळलेले नाहीत. वेगवेगळे.

"आई, तिथून बाहेर पड," मी ओरडले. "आत्ताच्या आत्ता शेजारी जा!"

गाणं संपलं.

खर्र... टक्.

खर्र... टक्.

"ठेवते मी," आई म्हणाली. "मला उठायला हवं."

फोन बंद झाला. पुन्हा लावला. लागला नाही.

मी तुषारभाऊला फोन केला. दुकान तसंच उघडं टाकून तो स्कूटरवर गेला. तो परत फोन करेपर्यंत मी दाराशी चप्पल घालून उभी होते.

"बरी आहेत वहिनी," तो म्हणाला. धापा टाकत होता. "बसल्यायत खुर्चीत. मला म्हणाल्या, ये तुषार, चहा घे."

"प्लेअर?"

"बंद आहे. त्यावर काही नाही. पिन भिंतीतून काढून ठेवलीय, वायर गुंडाळलेली." नेहमी जीभ सैल असलेला माणूस शब्द शोधत होता. "मी आत गेलो नाही, हर्षदा. खोटं कशाला सांगू. दारातूनच बोललो."

"का?"

"दोन्ही कपांतून वाफ येत होती."

मी रात्रीच निघाले. आईने दार उघडलं. मला जेवायला वाढलं. सगळं नेहमीसारखं. फक्त बोलताना ती शब्द वेचून वापरत होती, थोडेच उरले असल्यासारखे.

सकाळी तिला नुसरत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी घालून, आरसा लावून, दोनदा तपासलं. मग मला बाहेर बोलावलं.

"हर्षदा, घशात काही नाही. सूज नाही, गाठ नाही. स्वरयंत्र तरुण मुलीसारखं आहे."

"मग आवाज का जातोय?"

त्या बराच वेळ हात धूत राहिल्या.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आणि मी रविवारी आता येणार नाही. राग मानू नकोस."

त्यानंतर बैठक भरली नाही. राजेश्वरीताई माझा फोन उचलत नाहीत. प्लेअर मी पुण्याला आणला. तबक फिरवणारा पट्टा काढून तो माळ्यावर टाकला. काही फरक पडला नाही. आईला आता प्लेअर लागत नाही.

मी तिला न्यायचे सगळे प्रयत्न केले. गोड बोलून झालं, भांडून झालं. एकदा तर गाडीत बसवली. खंडाळ्याकडून येणारं धुकं रस्त्यावर उतरायला लागलं, आणि ती माझा हात धरून रडायला लागली. बोलता येत नव्हतं तिला नीट. ओठांवरून कळलं. *वाट बघत असतील.*

मी गाडी वळवली.

यावर लोक म्हणतील, तुम्ही मुलगी आहात, तिथे जाऊन राहा. राहिले होते. आठवडाभर राहिले. मी असले की संध्याकाळी काही होत नाही. फरशीवरची रेघ अखंड असते. आई खिडकीशी बसून राहते आणि माझ्याकडे अशी बघते, जशी पाहुणा कधी उठतो याची वाट बघावी.

आता मी तिला सकाळी फोन करते. संध्याकाळी करायची हिंमत होत नाही. थोडे दिवस ती कुजबुजायची. मग नुसते हुंकार आले. नुसरत डॉक्टरांनी पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली; अंधाराआधी परत आणायच्या बोलीवर आईला तिथे नेलं. त्यांच्याही तपासात काही निघालेलं नाही.

काल सकाळी तिने फोन उचलला आणि बोलली नाही. बाहेर गंगीमावशी भांडी घासत होती, तो आवाज येत होता. आईचा श्वास येत होता.

"आई, बरी आहेस ना? हो असेल तर फोनवर बोट वाजव."

तिने वाजवलं नाही.

मग तिच्या श्वासाच्या पलीकडून, खोलीच्या आतल्या बाजूने, कुणीतरी मोकळा घसा करून अगदी स्वच्छ आवाजात म्हणालं,

"बरी आहे गं. तू कशी आहेस?"

तो आवाज माझ्या आईचा होता.

श्वास माझ्या कानाशी चालूच होता. तो जराही हलला नव्हता.

मी काय उत्तर दिलं, ते मला आठवत नाही.